बीएमपीचं भाडं

संयुक्त राष्ट्रांकडे एक जाडजूड नियमपुस्तक आहे. परक्या देशात शांतिसेना पाठवली, तर तिच्या कुठल्या सामानाला महिन्याला किती भाडं, याचे दर त्यात छापलेले आहेत. चिलखती गाडी, पाण्याचा टँकर, जनरेटर, अगदी दातांचा दवाखानासुद्धा! देखभाल आणि सुटे भाग पाठवणाऱ्या देशानेच सांभाळले तर एक दर, नुसती गाडी दिली तर दुसरा. आपल्याकडे जेसीबी ठरवताना ‘ऑपरेटरसकट की नुसतं मशीन?’ विचारतात ना, तसंच. हवा-रस्ते फारच वाईट असतील, तर वर थोडी वाढ.

हे नगरकरांना परकं वाटू नये. भारतीय लष्कराच्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथलंच, आणि तिची बीएमपी म्हणजे चौदा टनांची, पट्ट्यांवर धावणारी, वेळ पडली तर पाण्यात तरंगणारी गाडी. २००० साली अशा गाड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसोबत पार पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या लाल चिखलात होत्या. मे महिन्यात कैलाहुन गावात बंडखोरांनी दोनशेहून जास्त भारतीय जवानांना वेढलं. त्यांत गुरखे होते, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचेही होते. वेढा अडीच महिने चालला. १५ जुलैला ‘ऑपरेशन खुकरी’ सुरू झालं. धो धो पाऊस, ढग झाडांच्या शेंड्यांवर टेकलेले. ब्रिटनने दोन चिनूक हेलिकॉप्टरं दिली, घाना आणि नायजेरियाच्या तुकड्याही मोहिमेत होत्या, पण मुख्य झुंज भारतीयांची. जवान सुटले, एक हवालदार कामी आला.

आता शांतिसेनेचं बिल. ते सगळ्या सदस्य देशांत वाटलं जातं. अमेरिकेच्या वाट्याला पाव हिश्शाहून थोडं जास्त, भारताच्या वाट्याला जेमतेम ०.२ टक्के. उलट जवानामागे महिन्याला एक ठरावीक रक्कम त्याच्या सरकारला मिळते. २०२२ मध्ये ती १,४४८ डॉलर ठरली. गंमत अशी की जवान कुठल्याही देशाचा असो, रक्कम तीच. श्रीमंत देशाला एवढ्यात आपला शिपाई परवडतच नाही. म्हणून निळ्या शिरस्त्राणाखाली भारत, बांगलादेश, नेपाळ, रवांडाचे चेहरे जास्त. या कामात भारताचे सुमारे १८० जवान गेले, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांचा हिशोब कुठल्या टक्केवारीत बसवणार?

तरी हे दरपत्रक मला चमत्कारच वाटतं, कारण नगरने याआधीची पद्धतही पाहिली आहे. डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी पलटणी पदरी घेतल्या आणि त्यांच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. पुढच्या ऑगस्टात इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. म्हणजे परक्या फौजेने आपल्या घरात येऊन लढायचं आणि पैसे आपणच मोजायचे!

पुढे तर आपल्या शिपायांना बाहेर नेऊनही तेच. १८६७-६८ च्या आफ्रिकेतल्या ॲबिसिनिया मोहिमेत मुंबईहून फौज गेली, सोबत ४४ हत्ती. तिथल्या राजाने डांबलेली माणसं ब्रिटनची, मोहीम ब्रिटनची. पण हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून. युक्तिवाद असा की घरी बसले असते तरी तुम्ही पगार दिलाच असता! १८९६ मध्ये सुदानच्या सुआकिनसाठी हेच पुन्हा झालं, तेव्हा इथल्या इंग्रज सरकारनेसुद्धा कुरकुर केली. हिंदुस्थानचा खर्च तपासायला नेमलेल्या वेल्बी आयोगावर दादाभाई नौरोजी सदस्य होते. १८९७ मध्ये गोखले लंडनला जाऊन आयोगापुढे साक्ष देऊन आले.

आजही बिल चुकतं होईलच असं नाही. इतरांनी जास्त भार उचलावा म्हणून अमेरिकेने १९९४ मध्ये कायदा केला आणि स्वतःचा वाटा २५ टक्क्यांवर रोखला. संयुक्त राष्ट्रांनी लावलेला वाटा त्याहून जास्त, मग फरक थकबाकीत जातो. थकबाकी वाढली की दरपत्रकातलं भाडं उशिरा येतं, आणि तोवरचा खर्च गाड्या आणि जवान पाठवणाऱ्या देशांच्या अंगावर पडतो.