आधी पाण्याची वाट, मग माणसांची

पावसाळ्यात माथेरानची वाट बघायची असेल तर मान खाली घालून चालावं. वर बघण्यासारखं त्या दिवसांत तसंही फारसं नसतं. ढग झाडांत उतरलेले असतात, पॉइंटवर गेलं तरी कठड्यापलीकडे नुसतं पांढरं. पायाखाली मात्र सगळा कारभार उघड्यावर चाललेला दिसतो. लाल पाणी कुठून आलं, कुठे वळलं, कुठे वाट खाऊन गेलं आणि कुठे निमूट चरात उतरलं, हे दहा पावलांत वाचता येतं.

शार्लोट लेककडे जाणाऱ्या वाटेवर तिघेजण फावडी आणि पहार घेऊन काम करत होते. अंगावर प्लास्टिकचे कागद, पायांत रबरी चपला. मुकादम वयस्कर, खालच्या एका वाडीवरचा. तो स्वतः फावडं फारसं चालवत नव्हता. पावसाची जोराची सर आली की तो वाटेच्या मधोमध उकिडवा बसायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा. सर थांबली की उठून पहारीच्या टोकानं मातीत एक तिरपी रेघ ओढायचा, आणि त्या रेघेवर दुसरे दोघे खणायला लागायचे. मी विचारलं, "मामा, पाऊस थांबल्यावर का नाही करत हे काम?"

"पाऊस थांबल्यावर पाणी कुठनं दिसनार?" तो म्हणाला.

त्याची पद्धत समजायला मला बराच वेळ तिथे उभं राहावं लागलं. सरळ उतारावरून पाणी जितकं लांब धावतं तितका त्याचा जोर वाढतो. आधी माती जाते, मग बारीक खडी, मग मोठे दगड उघडे पडतात, आणि एका पावसाळ्यात वाटेचा ओहोळ होतो. म्हणून पाण्याला लांब धावूच द्यायचं नाही. थोड्या थोड्या अंतरावर आडवा चर काढून त्याला दरीच्या बाजूला सोडून द्यायचं. चर काटकोनात काढला तर पाणी अडतं, गाळ बसतो आणि चर बुजतो. फार तिरपा काढला तर पाणीच चर खोल करत नेतं. मधला कोन कुठला, ते त्या जागेचा उतार बघून ठरतं. शिवाय वाट मधोमध किंचित फुगीर हवी, पालथ्या सुपासारखी. शेकडो माणसं आणि घोडे मधूनच चालतात, त्यामुळे तोच फुगवटा आधी दबतो आणि तिथे पन्हळ तयार होते. पाण्याला तेवढंच हवं असतं.

चराचं तोंड जिथे दरीकडे उघडतं तिथे चपटे दगड बसवलेले होते. ते काढून टाकले तर पाणी पडून पडून तिथली माती पोखरतं, आणि एक दिवस वाटेची कडच खाली जाते. उताराच्या बाजूला ठिकठिकाणी दगडी ताली आहेत, बऱ्याच जुन्या, चुन्याशिवाय रचलेल्या. दगडांच्या फटींतून पाणी झिरपतं, म्हणून त्या टिकल्या. अलीकडे सिमेंटनं बांधलेल्या एका भिंतीला पोट आलेलं दिसलं. मागे साचलेल्या पाण्याला बाहेर यायला जागाच ठेवलेली नव्हती.

हा डोंगर साधारण 800 मीटर उंचीचा. अंग सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टचं, पण माथ्यावर जांभ्याचा थर आहे, आणि माथेरानची लाल धूळ, लाल चिखल, लाल झालेले मोजे ही सगळी त्याची देणगी. जांभा भोकाभोकांचा दगड आहे, पाणी पितो. पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली जातं, चिकट मातीच्या थरापाशी अडतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. मॅलेट स्प्रिंग, हॅरिसन स्प्रिंग ही नावं त्यातूनच आली. मॅलेट म्हणजे ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट. 1850 मध्ये तो चौकच्या बाजूनं, वन ट्री हिलकडून हा डोंगर चढून आला, आणि पुढच्या काही वर्षांत इथे साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले. रेल्वे यायला अजून अवकाश होता. वर यायचं साधन घोडा किंवा पालखी. आज माथ्यावरच्या वाटा दम न लागता चालता येतात याचं एक कारण हे आहे: डोंगराच्या कडेकडेनं, उंची फारशी न बदलता, घोड्याला आणि भोयांना झेपतील अशा त्या फिरतात.

वाड्यांवरच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाटा अगदी उलट. त्या सरळ चढतात. रामबागेच्या बाजूला, गार्बेट पॉइंटच्या बाजूला कठड्याजवळ उभं राहिलं की खालून डोक्यावर पाटी घेतलेली बाई अचानक वर येते, आणि पर्यटक दचकतात. जांभळं, रानभाजी, दूध, जळण, पूर्वीपासून हे सगळं या वाटांनीच वर येतं. आपण ज्याला पॉइंट म्हणतो आणि जिथे वाट संपली म्हणून फोटो काढतो, ते तिचं दार असतं. तिच्या वाटेला मुकादम नाही. ती पायांनीच राखली जाते, आणि पाऊस फार झाला तर जरा बाजूनं नवी पडते.

शार्लोट लेकपाशी पोचलो तेव्हा बांधावरून पाणी वाहत होतं. हा तलाव म्हणजे ओढ्याला बांध घालून अडवलेलं गावाचं पाणी. आता तेवढ्यानं भागत नाही, नेरळजवळून उल्हास नदीचं पाणी पंपानं वर चढवावं लागतं. बांधावरून सांडणारं पाणी पुढे झाडीतून जातं आणि कड्यावरून खाली झेपावतं. तो धबधबा वरून नीट दिसत नाही, याचा बऱ्याच लोकांना राग येतो. मग काहीजण ओल्या शेवाळावरून कडेकडेला सरकतात. जांभ्यावरचं हिरवं शेवाळ त्यातल्या त्यात बरं, काळं दिसणारं जास्त वाईट. त्यावर कुठल्याच कंपनीचा बूट टिकत नाही. धबधबे बघायचे तर पाऊस उघडल्यावर लुईझा पॉइंटवर जाऊन समोरच्या आणि बाजूच्या कड्यांवरचे बघावेत. प्रबळगडाकडून वारा जोरात आला की पडणाऱ्या पाण्याची धार अर्ध्यातूनच वर उलटते आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर येते.

तलावाशेजारी पिसारनाथाचं देऊळ. तिथून पुढची वाट पुन्हा रानात शिरते. अंजनी, जांभूळ, हिरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी मढतात, पावसात मात्र तिची ओळख खोडावरच्या शेवाळाखाली झाकून जाते. फांद्यांवर नेचे, वाटेच्या कडेला तेरडा, एका दगडाखाली खेकडा. झाडांची मुळं वाट ओलांडतात तिथे मुकादमानं हात लावू दिला नव्हता. मुळामागे माती अडते, आपोआप पायरी होते. कुणीतरी पूर्वी एक मूळ "पाय अडखळतो" म्हणून तोडलं होतं. त्याच्या खालचा वाटेचा तुकडा आज गुडघाभर खोल आहे.

दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंतचा मुख्य रस्ता वेगळा. तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावरून ई-रिक्षा जातात, आणि ब्लॉक-रिक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयानं माणसानं ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. त्याच वेळी दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकला मुभा दिली, गावातल्या आतल्या रस्त्यांवर आणि रानवाटांवर मात्र मनाई केली. मला हा भेद पटतो. माथेरानमध्ये जन्मभर राहणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी खाली न्यायचं असेल तेव्हा लाल मातीचं कौतुक कुणी सांगू नये. पण रानात ब्लॉक घातले की पाणी मुरत नाही, सगळंच्या सगळं कडेनं धावतं आणि शेवटच्या ब्लॉकपाशी खड्डा पाडतं. घोडेवाल्यांची तक्रार आणखी वेगळी: ओल्या ब्लॉकवर नाल घसरते.

पाण्याला जागा दिली नाही की ते काय करतं, याचा धडा जुलै 2005 च्या पावसानं दिला. 1907 पासून धावणाऱ्या छोट्या गाडीचा, दोन फुटी रुळांचा मार्ग इतका उखडला की गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. आजही पावसाळ्यात नेरळहून वर गाडी येत नाही, फक्त वरच्या टप्प्यात अमन लॉज ते माथेरान चालते. रुळांच्या कडेनं चालताना खालून जाणाऱ्या मोऱ्या मोजाव्यात. लहान मुलांना हा खेळ आवडतो.

परत फिरलो तेव्हा तिघांचं चराचं काम संपत आलं होतं, आणि एक घोडेवाला तावातावानं मुकादमाशी बोलत होता.

"एवढा रुंद चर कशाला? घोड्याचा पाय गेला म्हंजे?"

"नाय खनत. पानी तुझ्या तबेल्यात सोडू?"

"सोड की! तबेला वर हाय माझा."

दोघंही हसले, पण प्रश्न तसाच होता. शेवटी मुकादमानं कडेच्या ढिगातून दोन लांबट दगड आणवले आणि चरावर टाकून बघितले. घोडेवाल्यानं घोडा पुढे नेला, थांबवला, पुन्हा मागे घेतला. एक दगड हलत होता. तो काढून उलटा बसवला, खाली बारीक खडी ठोकली. घोडा पलीकडे गेला. मग घोडेवाल्यानं वरच्या वळणावर असाच आणखी एक चर आहे, तोही झाकून द्या, असं सांगितलं आणि मुकादमानं त्याच्याकडून त्या बदल्यात दगड घोड्यावर घालून वर पोचवायचं कबूल करून घेतलं.