नवोदयचा पेपर जवळ आलाय? पोरापेक्षा आधी घरच्यांनी शांत व्हा

जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा जवळ आली की पाचवीतल्या पोरांच्या घरचं वातावरणच बदलतं. टीव्ही बंद, खेळ बंद आणि येणारा-जाणारा एकच विचारतो, "काय रे, तयारी झाली का?"

पालकांची काळजी खोटी नाही. नंबर लागला तर राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश असा सगळा खर्च सुटतो आणि बारावीपर्यंतचं शिक्षण मार्गी लागतं. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आहेत. आणि सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. हे सगळं ओझं दहा-अकरा वर्षांच्या पोरावर येतं. खरं तर त्याला पेपरची भीती कमी असते. 'नंबर नाही लागला तर घरी काय म्हणतील', याची भीती जास्त असते.

पेपर कसा असतो ते पोराला नीट सांगा

माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. म्हणून पेपरचा हिशोब त्याला तोंडपाठ असू द्या. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, वेळ २ तास. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न, गणिताचे २० आणि भाषेचे २०. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. म्हणजे डोकं खाणाऱ्या गणिताला जेवढे गुण, तेवढेच उताऱ्यावरच्या सोप्या प्रश्नाला. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. अडलं तर तिथंच बसून राहायचं नाही, पुढं जायचं.

मोठी दिलाशाची गोष्ट म्हणजे चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. त्यामुळं शेवटी एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अंदाजानं टाकलं तरी चारातला एक पर्याय बरोबर असतोच.

मात्र उत्तरपत्रिकेवर गोल पेननं रंगवायचा असतो आणि एकदा रंगवला की बदलता येत नाही. आधी प्रश्नाचा क्रमांक बघायचा, मगच गोल रंगवायचा. ही सवय घरी जुन्या पेपरवर, घड्याळ लावून करून घ्या. दोन-चार वेळा असा सराव झाला की केंद्रावर काहीच नवीन वाटत नाही.

छातीत धडधडलं तर?

धडधडणं, हात गार पडणं, पोटात गोळा येणं हे आजारपण नाही. कबड्डीच्या सामन्याआधी खेळाडूलाही असंच होतं. अंग कामाला तयार होतंय, एवढाच त्याचा अर्थ. पोराला सांगा, पेन खाली ठेव, नाकानं हळू श्वास घे आणि त्याहून हळू सोड. पाच-सहा वेळा असं केलं की धडधड कमी होते. मग येणाऱ्या सोप्या प्रश्नापासून सुरुवात कर. दोन-तीन उत्तरं आली की धीर आपोआप येतो.

आदल्या दिवशी आणि सकाळी

नवीन धडा सुरू करू नका. प्रवेशपत्र, दोन पेन, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भरून ठेवा. केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर शाळा नेमकी कुठं आहे, हे आधीच बघून या. वेळ प्रवेशपत्रावर असते. त्या हिशोबानं एक एसटी आधीची धरा, कारण धावतपळत पोचलेलं पोरगं धापा टाकतच पेपरला बसतं. रात्री जागवू नका, पुरती झोप होऊ द्या. सकाळी रोजचंच खाऊ घाला. भाजी-भाकरी खाणाऱ्या पोराला त्या दिवशी तळलेलं, गोडधोड नको.

ही वाक्यं नकोतच

"चुलत्याच्या पोराचा नंबर लागला, तुझा लागलाच पाहिजे." "क्लासला एवढे पैसे घातले." "इज्जतीचा प्रश्न आहे." अशा बोलण्यानं पोर जास्त अभ्यास करत नाही. पेपर सोडवताना त्याला हेच आठवत राहतं. देवाला नवस बोलायचा असेल तर मनात बोला, पोराला ऐकवू नका.

पेपर सुटल्यावर गेटवरच उत्तरं ताडून बघू नका. आधी पाणी द्या, काहीतरी खाऊ घाला. नंबर नाही लागला तरी गावची शाळा आहेच. शिवाय नववीच्या रिकाम्या जागांसाठीही नवोदयची परीक्षा होते, ती आठवीत असताना देता येते. हे पोराला पेपरच्या आधीच माहीत असू द्या.

केंद्रात सोडताना एवढंच म्हणा, "येतंय ते आधी सोडव, राहिलेलं नंतर बघ. आम्ही इथंच गेटबाहेर आहोत."