सराव : किती, केव्हा आणि कोणासाठी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी व्यायामशिक्षक म्हणून बारा वर्षे काम केले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी संस्थेने मला बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. परंतु त्याचबरोबर हे एक जुने देणे फेडण्याची संधी आहे, असेही मला वाटते. आजवर या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि शिक्षण या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले. माझा विषय मैदानावरचा आहे. क्रीडास्पर्धेसाठी मुलांचा सराव कसा आखावा आणि कसा करून घ्यावा, याविषयी तीस-बत्तीस वर्षांच्या अनुभवातून जे उमगले, ते मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यातले पुष्कळसे मी चुका करून शिकलो, आणि त्यांतील सर्वांत मोठी चूक आधी सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

1986 सालची गोष्ट. बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यातून नववीच्या वर्गात येणारा एक मुलगा 1500 मीटर धावण्यात विलक्षण चमकू लागला होता. वडील गवंडीकाम करीत. मुलाने सैन्यात जावे ही घरची इच्छा, आणि या भागात ती किती घरांची इच्छा असते, हे आपणांस ठाऊक आहेच. मी तरुण होतो. एका जुन्या नियतकालिकात मी एमिल झाटोपेकविषयी वाचले होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा हा धावपटू सरावात 400 मीटरच्या पन्नास-साठ धावा एका दिवसात काढीत असे. मी हिशेब केला, की आपल्या मुलाने निदान बारा तरी काढाव्यात. आठवड्यातून चार दिवस, घड्याळ लावून, शाळेच्या टणक मैदानावर मी त्या काढून घेतल्या.

पहिले दोन आठवडे त्याची वेळ सुधारत गेली. तिसऱ्या आठवड्यात ती थांबली, चौथ्यात बिघडली. मी त्याचा अर्थ आळस असा लावला आणि फेऱ्या वाढविल्या. "सर, नडगी दुखतीया," असे तो एकदा म्हणाला. मी पट्टी बांधायला सांगितले. जिल्हा स्पर्धेला दहा दिवस उरले असताना तो धावता धावता मैदानातच खाली बसला. क्ष-किरण चित्रात नडगीच्या हाडाला बारीक चीर दिसली.

त्या संध्याकाळी गुरुजींनी माझी सरावाची वही मागवून घेतली. प्रत्येक फेरीची सेकंदासह नोंद असलेली ती वही मला अभिमानास्पद वाटत असे. त्यांनी ती पानोपान चाळली आणि एवढेच विचारले, "मास्तर, यात घड्याळ दिसतं. पोरगं कुठं आहे?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मी त्या मुलाच्या घरी गेलो, तेव्हा कळले, की तो रोज पहाटे सायकलीला दुधाचे कॅन लावून शहरात रतीब घालीत असे, आणि त्यानंतर शाळेत येई. माझ्या बारा फेऱ्या या त्याच्या दिवसातील पहिले कष्ट नव्हतेच. घरात जेवण दोन वेळचे, तेही बेताचे. यांपैकी एकही गोष्ट माझ्या वहीत नव्हती.

त्या प्रश्नापासून माझा खरा अभ्यास सुरू झाला. सराव म्हणजे काय, हेच मला प्रथम समजून घ्यावे लागले.

आपण समजतो, की माणूस सरावाने बलवान होतो. हे अर्धेच सत्य आहे. सरावाने शरीर थकते, स्नायूंतील साठविलेली साखर खर्ची पडते, स्नायूंच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होतात. सराव संपतो त्या क्षणी धावपटू सकाळपेक्षा दुर्बळच असतो. बळ येते ते त्यानंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि अन्नातून. झालेली झीज भरून काढताना शरीर थोडी अधिक तयारी करून ठेवते. पुढचा भार योग्य वेळी आला तर त्या वाढीव पायरीवरून पुढची पायरी चढता येते. भार फार लवकर आला तर भरपाई अपुरी राहते आणि माणूस पायरी-पायरीने खाली उतरू लागतो. फार उशिरा आला तर मिळविलेले हळूहळू ओसरते. मार्गदर्शकाचे सारे कौशल्य ही वेळ ओळखण्यात आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली, शरीर कोणत्याही ताणाला आधी धोक्याची, मग प्रतिकाराची आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकव्याची प्रतिक्रिया देते, असे मांडले. पुढे क्रीडाशास्त्रज्ञांनी हा विचार सरावाला लावून पाहिला. माझ्या विद्यार्थ्याच्या सहा आठवड्यांत या तिन्ही अवस्था क्रमाने माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या. मला त्या वाचता आल्या नाहीत, इतकेच.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा आणि हाडे यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून मुलाला दम पुरतो आहे, यावरून त्याची नडगी तयार आहे असे अनुमान काढणे धोक्याचे. वाढत्या वयात तर हा धोका दुप्पट होतो. एका वर्षात चार बोटे उंच झालेल्या मुलाच्या हाडांचे काम आधीच जोरात चालू असते.

आता योजनेकडे वळू. 1960 च्या दशकात सोव्हिएत रशियात लेव्ह मातवेयेव्ह यांनी वर्षभराच्या सरावाची पूर्वतयारी, स्पर्धा आणि संक्रमण अशा कालखंडांत विभागणी करण्याचे शास्त्र मांडले. परंतु मला स्वतःला अधिक शिकविले ते न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ऑकलंड शहराच्या एका उपनगरात राहणारा, चपला-बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. किती धावले म्हणजे पुरे आणि किती म्हणजे फार, हे त्याने अनेक वर्षे स्वतःच्या पायांवर अजमावून पाहिले. मग आसपासच्या तरुणांना हाताशी धरले. 2 सप्टेंबर 1960 रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल याने 800 मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग याने 5000 मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली.

लिडियार्डची पद्धत समजण्यास सोपी आहे. आधी पुष्कळ आठवडे बेताच्या वेगाने लांब धावणे; 800 मीटरचा धावपटू स्नेलसुद्धा डोंगराळ रस्त्यांवरून 35 किलोमीटरची फेरी करीत असे. त्यानंतर काही आठवडे चढावर उसळत धावणे, म्हणजे पायांत ताकद. त्यानंतर वेगाचा सराव, आणि स्पर्धा जवळ आली की भार कमी करून शरीराला ताजे होऊ देणे. पाया, बळ, वेग आणि ताजेपणा असा हा क्रम आहे. घर बांधताना जोत्याआधी कौले चढवीत नाहीत, हे माझ्या त्या विद्यार्थ्याच्या गवंडी वडिलांना न शिकता ठाऊक होते; मी मात्र जोते न घालताच कौले रचीत होतो. झाटोपेकच्या साठ फेऱ्यांमागे अनेक वर्षांचे धावणे होते. त्याचा आकडा मी उचलला आणि ती वर्षे वगळली. येथे मी तरुण शिक्षकांना आवर्जून सांगेन, की लिडियार्डचाही आकडा घेऊ नका. आठवड्याला 160 किलोमीटर हे प्रौढ धावपटूंचे अंतर आहे. शाळेतील मुलासाठी घ्यायचा तो क्रम.

हा क्रम आपल्या शाळेच्या वर्षात कसा बसवावा? मी पुढे बसविला तो असा. एप्रिल-मे हा पायाचा काळ : व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतील मातीच्या वाटांवर, बोलता येईल इतक्याच वेगाने धावणे, घड्याळ खिशात. जून-जुलैत आपल्याकडचा पाऊस मैदान ताब्यात घेतो. पूर्वी मी त्याच्यावर चिडत असे. नंतर तोच काळ बळासाठी वापरला : व्हरांड्यात जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, उघडीप मिळेल तेव्हा चढाची धाव. ऑगस्टपासून आठवड्यातून दोनच दिवस वेगाचा सराव, आणि त्या दोन दिवसांमध्ये निदान एक दिवस हलका. तीन आठवडे भार चढता ठेवला की चौथा आठवडा उतरता. स्पर्धेपूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आणायचे, पण वेग उतरू द्यायचा नाही. एवढ्या दिवसांत मेहनत वाया जात नाही. साचलेला थकवा मात्र उतरतो. हंगाम संपल्यावर दोन-तीन आठवडे कबड्डी, पोहणे, मनाला येईल तो खेळ.

दुसरे तत्त्व अनुरूपतेचे. ज्या गोष्टीचा सराव, त्याच गोष्टीत प्रगती. तालमींच्या या मुलखात खाशाबा जाधवांचे उदाहरण द्यायलाच हवे. लाल मातीत घडलेला हा मल्ल 1948 साली लंडनला गादीवर उतरला आणि सहावा आला. माती आणि गादी यांवर पाय वेगळे पडतात, पकडी वेगळ्या लागतात, नियमही निराळे. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमची मुलेही वर्षभर अनवाणी मातीवर धावत आणि राज्य स्पर्धेत प्रथमच खिळ्यांचे बूट घालून कृत्रिम धावपट्टीवर उतरत. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसत. स्पर्धेआधी चार-सहा वेळा तशा बुटांची आणि शक्य असेल तर तशा धावपट्टीची ओळख करून देणे, ही चैन समजू नये.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे तत्त्व गुरुजींच्या प्रश्नात होते. तालमीतला जाणता वस्ताद हौदात उतरणाऱ्या गड्याचा चेहरा आधी पाहतो आणि मग त्याला किती जोर काढायला लावायचे ते ठरवितो. योजना वहीत असते, मुलगा मैदानावर असतो. दोहोंचे जुळले नाही तर बदलायची ती योजना. 1986 नंतर माझ्या वहीत मी चार रकाने वाढविले : सकाळी अंथरुणात असतानाच मोजलेली नाडी, झोप, जेवण, आणि घरचे काम. नाडी दोन-तीन दिवस सतत नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके अधिक लागली, बोलका मुलगा गप्प झाला, हाडाच्या एकाच जागी बोट ठेवून दुखते असे म्हणू लागला, तर त्या दिवशी सराव बंद. या रकान्यांना खर्च काहीच येत नाही. विचारावे लागते, आणि ऐकलेले खरे मानावे लागते.

पालकांना एक विनंती. मुलाने एकाच स्पर्धेत चार-चार प्रकारांत उतरावे, रविवारी आणखी कुठल्या शर्यतीत बक्षीस आणावे, हा आग्रह सोडा. आणि सैन्यभरतीच्या 1600 मीटरची तयारी भरतीची तारीख कळल्यावर सुरू करू नका. जोते घालायला महिने लागतात.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारत असाल. हाड सांधले. तीन वर्षांनी तो भरतीला गेला आणि शेवटच्या फेरीत मागे पडला. ते माझ्यामुळेच घडले, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही; माझ्यामुळे घडले नाही, असेही म्हणू शकत नाही. आज त्याचा स्वतःचा दुधाचा व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी तो आपल्या मुलीला घेऊन मैदानावर आला. मी निवृत्त झालो होतो, तरी सकाळी जात असे. "सर, हिला पळायचं हाय. तुम्हीच बघा," एवढेच तो म्हणाला. मी नवी वही काढली आणि तिला पहिला प्रश्न विचारला : काल रात्री किती वाजता झोपलीस?

गुरुजींचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. त्यांचा प्रश्न मात्र पुढच्या शिक्षकांच्या हाती देता येतो, आणि तो आज मी आपल्या हाती देत आहे.