गिरणी, विमा आणि केईएम

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार सगळ्यांना, खर्च करातून. त्याच वर्षी आपल्याकडे कामगार राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला. उपचार कामगाराला, खर्च त्याच्या आणि मालकाच्या वर्गणीतून. खरं तर पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, असं भोर समितीने १९४६ मध्येच बजावलं होतं. पण मागे प्रा. अडारकरांनी १९४४ साली मांडलेली विम्याची आखणी तयार होती, आणि पगारातून कापून घेणं करापेक्षा केव्हाही सोपं.

मुंबईच्या गिरणगावात, परळमध्ये हे दोन्ही रस्ते शेजारी नांदले. महापालिकेचं, सगळ्यांना खुलं असलेलं केईएम रुग्णालय १९२६ पासूनचं. कामगार विमा मुंबईत १९५४ साली आला आणि पुढे त्याचं महात्मा गांधी रुग्णालयही परळलाच उभं राहिलं. विम्याने गिरणी कामगाराला जे दिलं ते केईएम देऊच शकत नव्हतं. वस्तीतला पॅनेल डॉक्टर, आजारपणात पगाराचा काही भाग, क्षयासाठी लांबलेली रजा, कापसाच्या धुळीने छाती भरली तर भरपाई. ईएसआयच्या दवाखान्याला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण कार्ड जपून ठेवत. त्याच कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांकडे मात्र कार्ड नव्हतं. त्या केईएमच्या रांगेत.

मग १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला की वर्गणी थांबते आणि वर्गणी थांबली की ठरावीक मुदतीनंतर हक्कही सरतो. योजनेचा नियमच तसा, त्यात कुणाचा दुष्टावा नाही. पण घरात दमडी नाही अशा वेळी औषधाचाही आधार जावा, हा या रचनेचा मूळ दोष, आणि तो गिरणगावाने जितका सोसला तितका क्वचितच कुणी सोसला असेल. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. विम्याची कार्डं गेली, केईएमचे केसपेपर राहिले.

पुढचा भाग ओळखीचा आहे. १९८६ मध्ये मेडिक्लेम आलं, २००० पासून खासगी विमा कंपन्या. गिरण्यांच्या जागी लोअर परळला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या कर्मचाऱ्याला कंपनीचा ग्रुप विमा मिळतो आणि राजीनाम्याबरोबर तो बहुधा सुटतो. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१ हजार, म्हणजे त्याच इमारतीतला सुरक्षारक्षक एका विम्यात आणि वरच्या मजल्यावरचा साहेब दुसऱ्यात. गंमत अशी की साध्या तापाला डॉक्टरकडे जाण्याची सोय रक्षकाच्या विम्यात आहे. साहेबाचा सहसा इस्पितळात भरती झाल्यावरच जागा होतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करून मर्यादा ५ लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. दारात नोकरी विचारली जात नाही, ही मोठीच गोष्ट. पण पैसे मिळतात ते यादीतल्या उपचारांना, तेही मुख्यतः भरती झाल्यावर. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीसाठी माणूस अजूनही एकतर खिशात हात घालतो, नाहीतर सकाळी लवकर उठून केसपेपरच्या खिडकीशी नंबर लावतो.