वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण?

जून महिन्यातली सकाळ. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेतून फोन आला, "सर, लॅबमधले सगळे कॉम्प्युटर चालू आहेत, पण एकालाही नेट नाही." मी माझ्या गावाहून, मयेहून, स्कूटरवर निघालो. पंचवीस वर्षे माझा हाच धंदा आहे. दुकाने, कचेऱ्या, शाळा यांच्या वायरी ओढायच्या, पेट्या बसवायच्या आणि काही बंद पडले की पुन्हा जायचे. निम्मे निदान फोनवरच होते, अशी माझी घमेंड होती. त्या दिवशी ती उतरली.

लॅबच्या कोपऱ्यात 24 पोर्टचा स्विच होता. ज्या पेटीत सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी येऊन मिळतात, ती पेटी म्हणजे स्विच. तिच्यावरचे हिरवे दिवे एरवी आपापल्या मर्जीने लुकलुकतात. त्या दिवशी सगळे एकाच तालात थरथरत होते. पेटी बंद करून चालू केली, दोन मिनिटे बरी चालली आणि पुन्हा तेच. तासभर झटापट झाल्यावर टेबलाखाली रांगत एकेक वायर हाताने चाचपत गेलो, तेव्हा चोर सापडला. एक निळी वायर 17 व्या पोर्टातून निघून टेबलामागून फिरून परत 18 व्या पोर्टात शिरली होती. आदल्या दिवशी झाडू मारताना लोंबकळणारे टोक कुणीतरी चांगल्या मनाने 'जागेवर' लावून ठेवले होते. ती उपटली आणि लॅब चालू झाली.

दोन हात लांबीच्या वायरीने सगळ्या लॅबचे नेट कसे बंद पाडले? आमच्या वाड्यावर सकाळी पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो. भोंगा सगळ्यांना ऐकू जातो, पण पाव हवा असेल तोच दारात येतो. नेटवर्कवरही असेच चालते. एका कॉम्प्युटरला दुसरा शोधायचा असेल तर तो सगळ्यांना एकदम हाक मारतो, "अमुक नंबर कुणाचा?" ज्याचा असेल तो ओ देतो, बाकीचे गप्प राहतात. ही रीत डेव्हिड प्लमरने 1982 मध्ये लिहून काढली आणि ती आजही तशीच चालते. ज्या पोर्टातून हाक आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून स्विच ती पुढे पाठवतो. आता 17 मधून बाहेर पडलेली हाक 18 मधून आत आली, की स्विचला ती नवीच वाटते. तो ती पुन्हा सगळीकडे पाठवतो, 17 मधूनही. या हाकेला वय नसते, किती फेऱ्या झाल्या हे कुठेच मोजले जात नाही. त्यामुळे ती मरत नाही, एकीच्या शंभर होतात आणि कामाच्या निरोपाला वाटच उरत नाही.

या दुखण्यावर 1985 मध्येच औषध निघाले होते. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी ते काढले. त्यांची युक्ती 'स्पॅनिंग ट्री' म्हणून ओळखली जाते. सगळे स्विच आपसात बोलून एकाला मूळ ठरवतात. मग प्रत्येक जण त्या मुळाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट उघडी ठेवतो आणि फेरा पडेल अशी जादा वाट स्वतःच मिटून घेतो. उघडी वाट तुटली, तर मिटलेली वाट आपोआप उघडते. झाडाला फांद्या कितीही फुटोत, दोन फांद्या पुढे जाऊन पुन्हा एकमेकींना चिकटत नाहीत, तसेच हे. युक्तीचा तपशील लिहून झाल्यावर पर्लमनबाईंनी तिच्यावर एक छोटी कविताही केली.

मग शाळेत हे औषध का चालले नाही? कारण तिथला स्विच स्वस्तातला होता, त्यात ही युक्तीच नव्हती. दुकानात दोन जातींचे स्विच मिळतात. एक नुसता जोडणारा, दुसरा ज्याला विचारता येते आणि सांगता येते. आम्ही त्यांना 'अनमॅनेज्ड' आणि 'मॅनेज्ड' म्हणतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक किमतीत कळतो, आणि पुढे अशा एखाद्या सकाळी कळतो.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पटली आहे. दोन यंत्रे जोडणे सोपे, जोडलेली सांभाळणे कठीण. जाहिराती वेगाच्या येतात, पण हा सारा पसारा ज्या शोधांवर उभा आहे ते साध्या प्रश्नांची उत्तरे देणारे आहेत. कोण आहे? जागा आहेस का? तुझा नंबर काय? तुझे कसे चालले आहे?

'जागा आहेस का' हे विचारणारा 'पिंग' अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट बघतात, त्यावरून हे नाव आले. कुठल्याही बिघाडाला मी पोचलो की पहिली कळ हीच दाबतो.

नंबराची गोष्ट मयेकाराला समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक जन्मनाव मिळते. बारा आकडे-अक्षरांच्या या मॅक अ‍ॅड्रेसचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो. पण नेटवर्कवर राहायला दुसरा नंबर लागतो, आयपी अ‍ॅड्रेस, आणि तो भाड्याने मिळतो. फोन घरात आला की राऊटरला हाक मारतो, "जागा आहे का?" राऊटर मोकळा नंबर काढून ठरावीक मुदतीसाठी देतो. मुदत संपण्याआधी नूतनीकरण केले तर ठीक, नाहीतर तो नंबर दुसऱ्याला. डीएचसीपी नावाची ही पद्धत 1993 मध्ये आली. त्याआधी हे नंबर बहुधा हाताने भरावे लागत. एकच नंबर चुकून दोघांना गेला, की मग भांडण. मयेकाराला हे का कळते? गोवा मुक्तीनंतर आमच्या गावची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरात राहिले, पण मालकी नाही. त्यासाठी विधानसभेत कायदा व्हायला 2014 साल उजाडले. कागदावर नाव नसेल तर काय होते, हे आम्हाला यंत्रांनी शिकवायला नको.

'कसे चालले आहे' हे विचारायची भाषा 1988 मध्ये ठरली. तिचे नाव एसएनएमपी. पणजीतल्या कचेरीत बसून डिचोलीतल्या स्विचला विचारता येते, कुठल्या पोर्टातून किती माल गेला, किती वेळ चालू आहेस. काही बिनसले तर यंत्र आपणहून ओरडते. राज्य सरकारचे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क, म्हणजे जीबीबीएन, राजधानीपासून तालुके आणि ग्रामपंचायतींपर्यंत गेले आहे. एवढे जाळे माणसे पाठवून सांभाळायचे म्हटले तर कदंबच्या बसच अपुऱ्या पडतील.

या पेट्या कुठल्यातरी दूरदेशीच्या, असे वाचकांना वाटत असेल. पण आमच्या वेर्णा औद्योगिक वसाहतीचे नाव या धंद्यात जुने आहे. के. आर. नाईक यांनी 1993 मध्ये सुरू केलेली स्मार्टलिंक तिथलीच. तिचा 'डिजिलिंक' हा वायरी-सॉकेटांचा व्यवसाय 2011 मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकने विकत घेतला. धंद्यात नवा होतो तेव्हा खोके उलटल्यावर 'वेर्णा, गोवा' दिसले की मला उगाच ऐट वाटायची.

आता काम फायबरचे, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या तारेचे आहे. आमच्या गावच्या तळ्याच्या बाजूला माड पडला किंवा चुडत तारेवर आले, की संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकी कुंपणावरून हाक मारतात, "दादा, नेट येना रे!" मी आधी त्यांच्या पेटीवरचा लाल दिवा बघतो. तो पेटला म्हणजे उजेड पोचतच नाही. या काचेच्या केसातून डिचोलीहून एकच उजेड येतो आणि खांबावरच्या छोट्या डबीत तो आठ-सोळा घरांना वाटला जातो. त्या डबीला वीज लागत नाही. दर वेळी दोन वाटे केले की उजेड निम्मा होतो. खिशातल्या मीटरवर उणे 19 दिसले तर मी खूश, उणे 27 च्या खाली गेले तर वायर कुठेतरी वाकली, चेपली किंवा तुटली.

पण एकाच काचेतून सोळा घरे एकदम बोलली तर गोंधळ नाही का होणार? इथली युक्ती मला सर्वांत आवडते. काचेतून उजेड एका किलोमीटरला सेकंदाचा 5 दशलक्षांश भाग घेतो. डिचोलीतले यंत्र प्रत्येक घराला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते. त्यावरून कोणते घर किती लांब हे त्याला कळते. मग ते जवळच्या घराला सांगते, "तू जरा थांबून बोल." अशाने पाच किलोमीटरवरचे घर आणि एक किलोमीटरवरचे घर त्याच्या लेखी सारख्याच अंतरावर येतात आणि प्रत्येकाची पाळी नेमकी जुळते. काकींना यातले काही माहीत नसते. त्यांना दुबईतल्या नातवाचा चेहरा दिसतो, तेवढे पुरे.

त्या शाळेत मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. नवीन काही विकले नाही. पांढरी चिकटपट्टी आणि पेन नेले. आठवी-नववीच्या मुलांना हाताशी घेऊन प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच आकडा चिकटवला आणि वहीत लिहिला. एका मुलीने विचारले, "सर, दोन्ही टोकांना कशाला?" तिला म्हटले, एक टोक हातात असते तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण आहे, हेच कळायला हवे.

तुमच्या घरीही राऊटर असेल. आज त्याला उलटा करा. खाली छापलेला पासवर्ड अजून तसाच असेल तर बदला. सेवा देणाऱ्याचा फोन नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवा. आणि लोंबकळणारे टोक दिसले तर कुठे लावण्याआधी ते कुठून आले ते बघा.