वेशीवर थांबणारी गाडी

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बारामती अशा गावांतील पुष्कळ घरांच्या दारी पंधरा-अठरा वर्षे वापरलेली मोटार उभी असते. मालकाने साठी ओलांडलेली असते आणि मुले पुण्या-मुंबईत स्थिरावलेली असतात. फोनवर विषय निघतोच, “बाबा, ती गाडी आता विकून टाका.” मुलांची काळजी खोटी नसते. परंतु गाडी गेली की केवळ एक वाहन जात नाही. पहाटेचे मंदिरदर्शन, शेतावरची फेरी, थोरल्या बहिणीची भेट, अपरात्री शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, हे सारे दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. म्हणून गाडी ठेवावी की विकावी, एवढाच हा प्रश्न नाही. ती कोठवर न्यावी, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या गाडीचा खरा कस मोकळ्या रस्त्यापेक्षा महानगरात लागतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. कोंडीत तो वारा थांबतो आणि सारा भार पंख्यावर येतो. अर्धवट दाबून धरलेला क्लच झिजतो, ब्रेक सतत राबतात. चालकाचेही तसेच असते. दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या दुचाकी, ऐन वेळी दिसणारे उड्डाणपुलाचे फाटे आणि रात्री डोळ्यांवर येणारे प्रखर दिवे यांना क्षणार्धात प्रतिसाद द्यावा लागतो. वयोमानाने हा प्रतिसाद मंदावतो. हे मान्य करण्यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

यावर तोडगा सोपा आहे. गाडी आपल्या तालुक्या-जिल्ह्यात चालवावी आणि महानगराची वेस ओलांडताना सार्वजनिक वाहन धरावे. सांगली-मिरजेकडून रेल्वेने पुण्यास उतरले की स्थानकालगतच वनाज ते रामवाडी मार्गावरील मेट्रो मिळते. साताऱ्यापर्यंत स्वतःची गाडी नेऊन ती नातेवाइकांकडे ठेवता आली, तर पुढे एस.टी.ने स्वारगेट गाठता येते. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली असल्याने तेथून पिंपरी-चिंचवडपर्यंत बसल्या जागी जाता येते. खंबाटकीचा घाट, टोलनाका आणि वाहनतळाचा शोध हे तिन्ही वाचतात. मुलांनाही वडील सुखरूप येत असल्याचा दिलासा मिळतो.

मात्र गावात ठेवलेली गाडी नुसती उभी राहिली, तर तीही बिघडते. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, ब्रेकवर गंज धरतो आणि उंदीर वायरी कुरतडतात. जागेवरच दोन मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी पुरेशी भरत नाही. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटरची फेरी हवी.

देखभालीत महागड्या कामांपेक्षा वेळेवर केलेल्या लहान कामांचे मोल अधिक असते. इंजिन तेल किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून तेही साधारण दोन वर्षांनी बदलावे. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न भरता योग्य कूलंट वापरावे. टायमिंग बेल्ट रबरी असल्यास कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. तो वाटेत तुटल्यास अनेक गाड्यांचे इंजिनच निकामी होते. टायरवर नक्षी शिल्लक आहे, एवढ्यावर विसंबू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर वयानेही कडक होते व त्याला भेगा पडतात. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय घातक आहे. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास ब्रेक तापत नाहीत. तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये.

कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. विमा व प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र यांची मुदत चुकवू नये. अपघातसमयी विमा नसल्यास नुकसानभरपाईचा बोजा आयुष्यभराच्या बचतीवर येऊ शकतो.

आता हिशेब पाहू. नव्या गाडीसाठी सहा लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने पाच वर्षांकरिता घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये होतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड लाख. जुन्या गाडीची दुरुस्ती वर्षाला तीस-चाळीस हजारांत होत असेल, तर ती ठेवणे परवडते. मात्र खर्चाची वही ठेवावी. चासिस गंजली, किंवा एकाच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाजवळ गेला, की मोह सोडावा. नव्या गाडीतील एअरबॅगसारखी सुरक्षा जुनीत नसते, हेही जमेस धरावे.

आणि तपासणी केवळ गाडीची नव्हे. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होते. तेवढ्यावर न थांबता डोळे दरवर्षी तपासावेत, मोतीबिंदूची शंका असल्यास रात्री गाडी चालवू नये आणि झोप आणणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. चालवणे केव्हा थांबवायचे, याची अट घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावी. एखाद्या अपघाताने हा निर्णय लादण्यापेक्षा तो स्वतः घेतलेला बरा.

मर्यादा ओळखून चालवलेली जुनी गाडी ओझे होत नाही. ती गावात माणसाला स्वावलंबी ठेवते आणि वेशीवर थांबून त्याला सुखरूप पुढे पाठवते.