करवती छपराचं घर

ऊन, वारा, घर : भाग ६

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथली, किंवा सोलापूर-मालेगावातली, एखादी जुनी शेड उतरवून घर बांधायचं ठरलं की जागेची आठवण म्हणून दिवाणखान्यात धोटा टांगला जातो, एका भिंतीची वीट उघडी ठेवली जाते. हरकत काहीच नाही. फक्त त्यानं विजेचं बिल एक रुपयानंही उतरत नाही. गिरणीकडून घ्यायचंच, तर तिचं छप्पर घ्यावं.

करवतीच्या दातांसारखं ते छप्पर मुंबईच्या गिरणगावात अनेकांनी पाहिलेलं असतं. बांधकामातली माणसं त्याला ‘नॉर्थ लाइट’ म्हणतात. दाताची उभट बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. उतरती बाजू दक्षिणेकडे. विणणाऱ्याला सूत स्पष्ट दिसावं, पण ऊन डोळ्यांवर येऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब. खोलीच्या मधोमध दिवसभर दिवा न लावता वाचता येईल असा उजेड घरालाही याच वाटेनं मिळतो.

मात्र नक्कल जशीच्या तशी करू नका. ही पद्धत रुळली ती लँकेशायरच्या गिरण्यांत. तिथं दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून काच तिरकी ठेवली तरी चालते. इचलकरंजी १७ अक्षांशाच्या आसपास. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तिरकी काच म्हणजे मे महिन्यात घरात भट्टी! आपल्याकडे ती उभीच हवी. दुपारच्या उन्हासाठी मीटरभर उंच काचेवर वीतभर छज्जा पुरतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरपं येतं, त्याला छज्जा अडवत नाही. काचेच्या दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या लागतात. काचेच्या वरच्या टोकाला उघडझाप करता येणारी झडप ठेवली, तर वर साठलेली गरम हवा तिथून निघून जाते. गिरणीवाल्यांना ही सोय नको असायची, कारण सूत तुटू नये म्हणून त्यांना आत दमट हवाच लागे.

आता दक्षिणेचा उतार. तो १५ ते २० अंशांचा ठेवला, की सौर पॅनेलला जो कल हवा तो आयताच मिळतो. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पॅनेल आणि छप्पर यांच्यात वारा खेळेल एवढी फट सोडा. छपरावर सावली पडते ती वर फुकट.

दात किती काढायचे? माझं मत : एकच. गिरणीला अनेक लागायचे, कारण शेड अवाढव्य असे. दुसरा दात आला की मधे पन्हळ आली, आणि पावसाळ्यात अशी छपरं गळतात ती बहुधा तिथेच. शिवाय हिवाळ्यात दक्षिणेकडच्या दाताची सावली मागच्या उताराच्या तळाशी पडते. पॅनेलच्या थोड्याशा भागावर सावली आली, तरी वीज त्या मानानं बरीच जास्त घटते.

जुन्या शेडची वीट चुन्यात रचलेली असेल तर ती अखंड सुटते, पुन्हा वापरा. छपरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर मात्र जपून. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. फोडू नका, कापू नका. जाणकाराकडून, ओले करून, अख्खेच उतरवून घ्या.